हजेरीतला ‘ह’

आमच्या वर्गातल्या पोपटाला स्वतःचा सोडून सगळ्यांचे आवाज यायचे. कोणी सिनेमाला गेला, कोणी खोलीवर झोपून राहिला, की हा त्याच्या आवाजात ‘हजर, सर’ म्हणून मोकळा. आज त्यातला एक पूल बांधतो, एकाचे दोन कारखाने आहेत, एकजण तर चक्क प्राचार्य आहे. या सगळ्यांची हजेरी या पठ्ठ्याने भरली आहे.

तो पकडला गेला माझ्यामुळे. सरांनी माझा नंबर पुकारला, बेचाळीस. पोपट माझ्या आवाजात ‘हजर’ म्हणाला आणि नेमका तेव्हाच मी दारात उगवलो. ‘मग हा दारात कोण?’ सर म्हणाले. वर्ग हसून लोटपोट. पोपट निमूटपणे उभा राहिला. सरांनी त्याची सबंध सत्राची हजेरी खोडली, त्याला परीक्षेला बसता आलं नाही आणि वडिलांनी त्याला बसस्थानकावर कामाला लावलं. ‘सर, मीच त्याला सांगितलं होतं,’ एवढंच मला बोलायचं होतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

पुढे तीस वर्षं तो चौकशीच्या खिडकीमागून माईकवर गाड्या पुकारत राहिला. मग घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मला याचा पत्ताच नव्हता. तुटलेली काडी बसवायला तो माझ्या चष्म्याच्या दुकानात आला, तेव्हा मी म्हणालो, ‘काय पोपटराव, आज कुणाच्या आवाजात?’ त्याने मफलर बाजूला करून गळ्याचं भोक दाखवलं. नंतर कितीतरी वेळ मला काडीचा स्क्रू सापडेना.

आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं होतं. ऐंशी पार केलेले सर जुनं रजिस्टर घेऊन हजेरी घेणार होते. पोपटाने माझ्या बिलाच्या पाठीवर लिहिलं, ‘माझ्या नंबरला मीच हजर म्हणणार.’ गळ्याला लावायचं एक यंत्र त्याला मिळालं होतं. मुठीत मावणारं, मिक्सरसारखं घरघरणारं. पण ‘ह’ काही त्यातून निघेना. ‘ह’ला वारा लागतो, आणि याचा वारा गळ्यातूनच बाहेर जायचा.

‘भावजी, चार महिने घरात हा एकच शब्द चाललाय,’ वहिनी मला म्हणाल्या. ‘आरशासमोर उभे राहतात. जेवायला हाक मारली तरी हजर.’

त्याने आणखी एक गोष्ट लिहून दिली होती. ‘बॅचच्या ग्रुपवर मी नाही, तू आधी सांगून ठेव. नाहीतर त्यांना नक्कल वाटेल.’

‘हे काय सांगायला हवं?’ मी म्हणालो.

ग्रुपवर रोज कोणाची नातवंडं, कोणाच्या मुलीचं परदेशातलं घर, कोणाच्या निवृत्तीचे हार. मी दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आनंदावर विरजण कशाला, अशी स्वतःची समजूत घातली. ती थाप होती. त्याची गोष्ट सांगायला घेतली असती, तर ती दारात उभ्या राहिलेल्या माझ्यापर्यंत आली असती.

संमेलनाच्या दिवशी तो हजेरी सुरू होतानाच आला आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. ‘सांगितलंस ना?’ त्याने कागदावर लिहिलं. मी मान डोलावली.

‘एकेचाळीस.’

तो उभा राहिला. मूठ गळ्याला लावली.

‘अजर, सर.’

हॉलमध्ये हशा फुटला. ‘अरे पोपट्या, हा कुणाचा आवाज?’ पूलवाला डोळे पुसत ओरडला. ‘वन्स मोअर!’

पोपटाला वाटलं, ‘ह’ निसटला म्हणून हसतायत. त्याने सगळा जीव एकवटून पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘अजर’च आलं. टाळ्या पडल्या. सरांनीही हसत बोट नाचवलं. ‘अजून सुधारला नाहीस! गैरहजर!’

पोपटाने वळून माझ्याकडे पाहिलं. यांना सगळं ठाऊक आहे आणि तरी हे हसतायत, असंच त्याला वाटत होतं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तरी पुरे होतं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेतही मी जागचा हललो नाही. तो खाली बसला. यंत्र खिशात टाकून मफलर घट्ट गुंडाळू लागला.

‘बेचाळीस,’ सर म्हणाले.

मी उभा राहिलो. ‘हजर, सर,’ म्हणालो. माझा ‘ह’ अगदी स्वच्छ आला.