तळटिपेतल्या मावश्या

“ही मावशी कोण?” सरांनी विचारलं आणि टाईप केलेलं पान आमच्यापुढे सरकवलं.

सर म्हणजे कमलचे प्रबंधाचे मार्गदर्शक, मुक्काम खंडाळ्याच्या बंगल्यात. कमल लोणावळ्यातल्या एका डॉक्टरांची मुलगी. एम.ए.साठी ती मावळातल्या जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहीत होती. स्टेशनजवळ माझी टायपिंगची खोली होती, तिची पानं मीच टाईप करायचो. ओव्या तेवढ्या ती हाताने लिहायची, बाकी सगळं इंग्रजी.

भानगड होती तळटिपांची. तळटीप म्हणजे मजकुरात बारीक आकडा टाकायचा आणि पानाच्या तळाशी तोच आकडा देऊन माहिती कुठून घेतली ते सांगायचं. पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचं नाव, पान. हे कमलने चोख दिलं होतं. पण ओव्यांच्या टिपांत सगळीकडे एकच: ‘मावशी, लोहगडवाडी’.

“लोहगडवाडीत काय एकच मावशी आहे?” सर म्हणाले. “परीक्षक विचारतील, ओव्या तुम्ही घरी बसून रचल्या नाहीत कशावरून? पूर्ण नावं द्या, नाहीतर हे प्रकरण काढा. प्रबंध सोमवारी जायला हवा.”

ते प्रकरण गेल्यावर प्रबंधात उरणार काय, कपाळ? कमलचे डोळे भरून आले. त्या वाडीची वाट तिने ऊनपावसात तुडवली होती.

दुसऱ्या दिवशी मळवलीला उतरून आम्ही वाडी गाठली. कमलला सगळ्यात जास्त ओव्या सांगणाऱ्या मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होत्या.

“मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा,” मी म्हणालो.

“गंगूबाई.”

“आणि मालकांचं?”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “त्ये कसं घिऊ?”

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मला काय ठाऊक नव्हतं? माझी बायको ‘अहो’च्या पुढे कधी गेली नाही. शेजारणीला विचारलं.

“त्ये माजं थोरलं दीर. म्या न्हाई घ्यायची.”

वाडीतल्या साऱ्या बाया एकाच भावकीतल्या. पुरुष गाड्या जुंपून तळेगावच्या बाजाराला गेलेले. आम्हाला तर संध्याकाळची गाडी गाठायची होती. कमल रडकुंडीला आली, आणि मला एकदम सुचलं.

“मावशी, लग्नात घेतलं होतं ना नाव? तसंच घ्या. उखाण्यात.”

बाया खो खो हसल्या. “घे की गं गंगे, लेकीचं काम हाय.”

मावशींनी सूप खाली ठेवलं.

“गडाच्या पायथ्याला पानी पिती गाय,
धोंडिबाचं नाव घ्याया लाजायचं काय!”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्या. मग बाकीच्याही सरसावल्या. कमल सगळ्यांनाच मावशी म्हणायची, त्यामुळे टिपेतल्या एका मावशीच्या पोटात पाच जणी निघाल्या. कुठली ओवी कुणाची ते ठरलं आणि प्रत्येकीने आपापल्या धन्याचं नाव घेतलं.

परतताना मी सुचवलं, टिपा प्रकरणाच्या शेवटी एकत्र देऊ. तीही पद्धत चालते. तळाशी द्यायच्या तर आधी जागा मोजून सोडावी लागते, एक ओळ चुकली की पान पुन्हा. त्यात महायुद्धामुळे टाईपरायटरच्या रिबिनी मिळत नव्हत्या.

“नाही काका,” कमल म्हणाली, “जिची ओवी, तिचं नाव त्याच पानावर.”

मी निमूटपणे सगळी पानं पुन्हा टाईप केली. प्रबंध सोमवारी गेला. परीक्षकांनी कमलला पास तर केलंच, वर त्या टिपांचं खास कौतुक लिहिलं. मला तर मीच एम.ए. झाल्यासारखं वाटलं. सर आपल्या बाकीच्या विद्यार्थ्यांनाही तशाच टिपा द्यायला सांगू लागले, जणू कल्पना त्यांचीच.

बांधलेली प्रत घेऊन आम्ही वाडीत गेलो. गंगूबाईंच्या ओवीखालची टीप मी दाखवली, तिच्यावर धोंडिबांनी बोट ठेवलं.

“ह्येच का माजं नाव? हिनं सांगितलं?”

“व्हय,” मावशी म्हणाल्या.

“मग येकदा माज्याम्होरं घे की.”

मावशी उठून तडक आत गेल्या.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी सांगत आलो: टिपा तळाशी द्या नाहीतर शेवटी द्या, पण नाव मिळालं की तिथल्या तिथे लिहून घ्या. दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही.