सतरंजीवरून उठलो नाही

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, की कॅनडातल्या तुमच्या शाळेत रोज सकाळी, ती जमीन मुळात ज्यांची होती त्यांची नावं घेतात. मग धाकटीने विचारलं, "आजी, तिथे आपली नावं कोण घेतं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून आज लिहिते आहे. उद्यावर टाकण्याचं माझं वय नाही.

खरवईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आपली वाडी. आपण ठाकर. वाडीतून मोठा रस्ता न्यायचा आहे, पैसा परदेशी बँकेचा. त्या बँकेचा नियम आहे, की आदिवासींच्या जागेतून काही न्यायचं तर आधी त्यांना सगळं समजावून सांगायचं आणि त्यांची संमती घ्यायची. देशोदेशीचे आदिवासी एकत्र येऊन भांडले, तेव्हा कुठे असे नियम झाले. त्यासाठीच अंबरनाथच्या एका हॉलमध्ये सभा ठेवली होती. बँकेची एक गोरी बाई पाहणीला आली होती.

मी इस्त्रीची सुती साडी नेसून गेले. दारात रस्त्याच्या कामाचा साहेब उभा होता, त्याने हात जोडले.

"या मॅडम, पुढे बसा."

पहिल्या रांगेत खुर्ची. हातात पाण्याची बाटली.

"कुठल्या संस्थेकडून आलात?"

"संस्था नाही. मी वाडीतली. ठाकर."

त्याने आधी खुर्चीकडे पाहिलं. मग बाटलीकडे.

"अच्छा. मग तू तिकडे बस ना, मावशी. तुमचे लोक सतरंजीवर आहेत. या खुर्च्या गेस्टसाठी आहेत."

एका शब्दात मॅडमची मावशी. तुम्हीचं तू. उल्हासनगरच्या शाळेत सिंधी पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. स्टाफरूममध्ये "तुमचं काय बाई, कोट्यातून आलात" हे हसत हसत ऐकवलं जायचं. पण भरल्या सभेत खुर्चीवरून कुणी उठवलं नव्हतं. मी उठले. सतरंजीवर भावजयीशेजारी जाऊन बसले.

ती हसली. "आलीस का खाली? मला वाटला, आता आमाला वळख देत नाय."

साहेब माइकवर बोलत राहिला. विकास. नोकऱ्या. पडद्यावर नकाशा, सगळा इंग्रजीत. वाडीत कुणाला वाचता येत नव्हता. मी वाचला. आपली मसणवट त्यात नव्हतीच. आपल्या वाडीत माणूस पुरतात, उशाला एक दगड ठेवतात. माझी आई तिथेच आहे. नकाशात तिथे लिहिलं होतं, पडीक. रस्ता त्यावरूनच जात होता.

मग साहेब म्हणाला, "चला, जेवणाचं पाकीट कोणाकोणाला पाहिजे? हात वर करा. वर, वर! सगळ्यांनी!"

सगळे हात वर गेले. माणसं उपाशी आली होती. फोटोवाला धावत पुढे आला. साहेब बँकेच्या बाईकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "पाहा, सगळ्यांची संमती आहे."

मी भावजयीचा हात खाली ओढला.

"अगं, पाकीट..."

"पाकीट नाही. तू मसणवट देते आहेस त्यांना."

तिने मागे वळून हाक दिली. "हात खाली घ्या रं! फसवतात!"

हात खाली आले. मी इंग्रजीत बोलले, बसल्या जागेवरून. "हे हात जेवणासाठी वर झाले. रस्त्याबद्दल यांना कुणीही विचारलेलं नाही."

साहेबाचं हसू गेलं नाही. "मावशी, आपण नंतर बोलू. हॉल खाली करायचाय. उठा सगळे."

आपल्या वाडीच्या बैठकीची रीत आहे. शेवटचा माणूस बोलेपर्यंत कुणी उठायचं नाही. भावजयीने पदर सारखा केला आणि मांडी घट्ट केली.

"आमचा अजून कोन बोलला नाय. कसा उठायचा?"

कुणी उठलं नाही. साहेबाने माइक बंद करवला. मग पंखे. माणसं घाम पुसत एकेक करून बोलली. कोण कुठे पुरलं आहे, नाव घेऊन सांगितलं. मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत करत गेले. बँकेची बाई लिहून घेत होती. खुर्चीवरूनच. शेवटी एवढंच म्हणाली, की ही संमती धरता येणार नाही.

निघताना साहेब मला म्हणाला, "एवढं फर्स्ट क्लास इंग्लिश बोलता. मग स्वतःला आदिवासी कशाला म्हणवून घेता?"

"म्हणवून घेत नाही. आहे."

रस्ता रद्द झालेला नाही. मसणवटीच्या कडेने चुन्याच्या रेघा मारून गेले आहेत. सभा पुन्हा होईल. ती आता वाडीत होईल, मसणवटीला लागून. साहेबाला सतरंजीवर बसावं लागेल आणि शेवटचा माणूस बोलेपर्यंत उठता येणार नाही. हे आम्ही लेखी कळवलं आहे. मी असेन तर इंग्रजीत मी सांगेन. नसेन तर धाकटे, तू यायचंस. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तू विचारलं होतंस, आपली नावं कोण घेतं. त्या बंद पंख्यांखाली आपणच घेतली.

तुझ्या पणजीच्या उशाचा दगड अजून जागेवर आहे.