कोचने वर केलेला हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसले. आता तुम्ही मला हसा, माझी ना नाही...

१९९०. कुवेतमध्ये अहमदीच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. वय एकतीस. पांढरा कोट घातला की मान अशी ताठ, जणू खांदा नावाचा अवयव मीच शोधून काढलाय!

तिथे एक म्हातारा अमेरिकन यायचा. सगळे त्याला कोच म्हणत. तरुणपणी व्यावसायिक बेसबॉल खेळलेला, चेंडू फेकणारा. सव्विसाव्या वर्षी उजवा खांदा गेला, खेळ संपला. मग गावोगाव पोरांना शिकवत शेवटी इथल्या तेलवाल्या गोऱ्यांच्या मुलांचा कोच. त्याच्या कार्डावर मीच लिहिलं होतं — उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही. कधीच.

शेक घेताना तो मला बेसबॉलच्या खुणा शिकवायचा. कोच मैदानाच्या कडेला उभा राहून टोपी, कान चाचपतो — ते सगळं समोरच्या टीमला फसवायला. कमरेच्या पट्ट्याला हात लावला, की पुढची खूण खरी. हात डोक्याच्या वर, तळवा समोर म्हणजे थांब. ती तो डाव्या हाताने दाखवायचा, बिचारा.

"पळणाऱ्याने चेंडूकडे बघायचं नाही, मॅडम. फक्त माझ्याकडे."

"मी बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघेन."

"म्हणूनच तुम्ही आउट!"

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं. आमचे पासपोर्ट आमच्या ह्यांच्या कंपनीच्या कपाटात — तेव्हा बहुतेकांचे तिथेच असायचे. आठवड्याने, सकाळी नऊला, हे ते आणायला निघाले. मी खिडकीत.

"बघ गं, रस्ता मोकळा आहे का?" ह्यांनी गाडीतून विचारलं.

समोरच्या फुटपाथवर कोच! टोपी, कान... मग पट्टा. आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर, तळवा आमच्याकडे.

मी शहाणी ना! मी रस्त्याकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं.

"मोकळा आहे, निघा!"

गाडी वळली. फुटपाथ रिकामा.

हे परत आले नाहीत. बातमी नाही, देह नाही... एक्क्याण्णवमध्ये युद्ध संपल्यावरही नाही.

पासपोर्टऐवजी दूतावासाने दिलेल्या एका कागदावर मी जॉर्डनच्या छावणीत पोचले. तिथे आमच्या दवाखान्यातली नर्स भेटली. "कोच गेला गं. सैन्य आलं त्याच दिवशी, हार्ट अटॅक. मीच होते ड्युटीवर."

नात म्हणते, "आजी, स्ट्रेस होता, दॅट्स ऑल." असेल बाई. ऊन, जागरण, भीती — सगळं लावून पाहिलं. पण तो हात तेवढा वर गेला कसा, ते काही जुळत नाही. आणि समजा उद्या जुळलं... तरी "मोकळा आहे" असं मीच म्हटलं होतं.