अंगठ्याखालचा खड्डा

ज्यांच्या किडन्या लहानपणीच रुसून बसल्या, अशी मुलं त्या दवाखान्यात यायची. त्यांची उंची, वजन, दंड मोजणाऱ्या बाईंना सगळे मापमावशी म्हणायचे. मावशींची एक खुळी समजूत होती: मुलं झोपेत वाढतात आणि वाढताना अगदी बारीक आवाज होतो. दुपारी खोली रिकामी झाली की त्या डोळे मिटून तो ऐकत बसायच्या. आजारी मुलांचा आवाज यायला जरा वेळ लागतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

भिंगरी आठ वर्षांची, पण दिसायची चारची. ती अंगानं जरा भरली की तिला बापाची किडनी बसवू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाप तर एका पायावर तयार होता. घोडं अडलं होतं ते भिंगरीच्या वजनापाशी.

एके दिवशी काटा एकदम वर गेला. आईला आनंदानं काही सुचेना. मावशींनी मात्र दंडाला पट्टी गुंडाळली. दंड होता तेवढाच. मग नडगीवर अंगठा दाबला. तो उचलला तरी मळलेल्या कणकेत राहावा तसा खड्डा राहिला.

"हे पाणी आहे गं," मावशी आईला म्हणाल्या, "पोर वाढलेली नाही."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मावशींना स्वतःच्याच अंगठ्याचा राग आला.

भिंगरीला पाणी मोजून मिळायचं. काटा वर जावा म्हणून तिनं चोरून मोरीतल्या नळाला तोंड लावलं होतं.

"बाबा म्हातारे झाले, तर त्यांची किडनीपण म्हातारी होईल ना?" ती म्हणाली.

मावशींनी तिला जवळ ओढलं. "वेडाबाई, मला फसव हवं तर, पण शरीराला फसवू नकोस. तू नुसती झोप. मी ऐकतेय."

डॉक्टरांनी ते पाणी उतरवलं, आणि रोज रात्री झोपेत नळीनं तिच्या पोटात दूध सोडायचं ठरवलं. थंडी गेली, उन्हाळाही सरला. भिंगरी निजत राहिली, मावशी कान देऊन राहिल्या.

मग एकदा दंडाभोवतीची पट्टी जुन्या आकड्यावर मिटेना. वजनही वाढलेलं. मावशींचा धीर होईना, तेव्हा भिंगरीनंच त्यांचा अंगठा ओढून नडगीवर ठेवला. "दाबा ना!"

मावशींनी दाबला, उचलला. कातडी लगेच वर आली. मावशींना रडू आवरेना.

दारात उभ्या बापानं आपल्या कुशीवर हात ठेवला आणि आतल्या किडनीला हळूच म्हणाला, "चल बाई, ऊठ आता. तुझं नवं घर बांधून झालं."