शाहीनचा अडकलेला अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. तुम्हाला सांगायला बसलेय, तरी जीभ अडखळतेच आहे.

गोरेगावच्या शाळेत मी लिपिक, शाहीन प्राथमिकची शिक्षिका. शेजारी-शेजारी खोल्या, चूल मात्र एकच. तिची चार वर्षांची लेक तिच्या गावी, हट्ट्याला, आजीजवळ. शाहीन शनिवारी जायची, सोमवारी यायची — आणि मंगळवारपर्यंत तिला घास गोड लागायचा न्हाई. मी बघत होते ना सगळं!

आमच्याच संस्थेच्या हट्ट्याच्या शाळेत जागा निघाली. अर्ज शाळेच्या मेलवरून, शुक्रवारपर्यंत. नेमकी त्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात ब्रॉडबँडची केबल तुटली. मी कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. मेल येत होते, जात नव्हते.

कारण मला ठाऊक होतं. मेल पाठवणारा सर्व्हर त्या ब्रॉडबँडवाल्या कंपनीचा. दुसऱ्याच्या नेटवरून आलेलं तो घेत न्हाई. सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव आणि पोर्ट बदलायचा — पाच मिनिटांचं काम. आधी एकदा मीच केलं होतं.

शुक्रवारी अर्ज माझ्यासमोर आउटबॉक्समध्ये पडून होता. शाहीन वर्ग सोडून दारात आली.

"ताई, गेला का वो?"

"व्हय. बराबर गेला."

काहून म्हणाले तसं? घाईत? चुकून? न्हाई. ही गेली तर मी बोलू कुणाशी — एवढंच मनात होतं. लेकराचा विचार आला होता. आला, आणि मी तो बाजूला सारला.

सोमवारी मी सेटिंग बदललं. अर्ज गेला. संस्थेनं कळवलं, मुदतीनंतर आला, घेता येत न्हाई.

शाहीननं नेटला दोष दिला. माझ्याच खांद्यावर रडली. "तुमी तर बराबर पाठवला होता ताई, तुमी काय करणार?" आणि मी तिची पाठ थोपटत राहिले.

दोन वर्षं ती आणखी गोरेगावातच राहिली. एका सोमवारी ती आली. म्हणाली, "लेक आता आजीला अम्मी म्हणते. मला शाहीन म्हणते."

तेव्हा तरी बोलायचं होतं. न्हाई बोलले.

आता ती हट्ट्यालाच असते. ईदला फोन करते, माझी तब्येत विचारते. लेक अजून तिला नावानंच हाक मारते — फोनवर मला ऐकू येतं.