धाकली बाई हाय

आमचे आप्पा पाटी वाचत नसत. वाचता येत नव्हतं असं नाही. सातवीपर्यंत शिकलेले होते आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत संपवायचे. पण समोर भिंतभर अक्षरांत 'चौकशी' लिहिलेलं असलं, तरी ते त्याच खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला विचारणार, "चौकशी कुठं करत्यात?" पुण्यात असं विचारणं म्हणजे अपमान हात जोडून मागून घेणं. "वर लिहिलंय, दिसत नाही का?" हे उत्तर त्यांनी जन्मभर ऐकलं. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "दिसतंय की. पर पाटीला उलटं विचारता येत न्हाय."

आमचं गाव खडकवासल्याच्या रस्त्याला. ते महापालिकेत आलं तशी भावकीनं जमिनींवर इमारती उठवल्या. आप्पांनी मात्र कालव्याकडेचा तुकडा राखला आणि त्यात मेथी-कोथिंबीर लावत राहिले. मी त्यांची धाकटी मुलगी. बारावीची परीक्षा संपल्यावर त्या सुट्टीत मी देवळामागच्या बालवाडीत मदतीला जात होते. तिथला एक बारका मुलगा रोज माझी ओढणी धरून बसायचा, मी उठले की तोही उठायचा. मला एवढं महत्त्व आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी मी घरात सांगून टाकलं की मला लहान मुलांना शिकवायचंय, आणि त्याचीच डिग्री करायचीय.

नानाकाका तेव्हा आमच्याच ओट्यावर बसले होते. आईकडे बघून म्हणाले, "पोरं सांभाळाया बाई ठिवत्यात, वयनी. त्याला कालेज कशापायी?" आपल्याकडे शाळेत शिकवणारी ती बाई आणि धुण्याभांड्याला येते तीही बाईच. नानाकाकांनी दुसरी धरली. आप्पांनी पहिली धरली आणि सोडली नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं की आपल्या घरात बाई होणार, आणि ते दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून स्प्लेंडरवर बसून माझी वाट बघत होते.

मग आम्ही बापलेक पुणं पालथं घालायला निघालो. मी मोबाइलवर वाचून ठेवलेलं असायचं, पण आप्पांचा मोबाइलवर विश्वास नव्हता, तीही पाटीच. ते बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि बालवाडीच्या डिग्रीचं पुस्तक मागू लागले. दुकानदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, कोणत्या विद्यापीठाचं? आप्पा म्हणाले, तेच ठरवायला पुस्तक पाहिजे. "मग आधी ठरवा आणि मग या," असं म्हणून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा बाहेर येऊन म्हणाले, माणूस सरळ हाय.

प्रत्येक ठिकाणी त्यांचा प्रश्न एकच असायचा: "ह्यानं पोरगी बाई व्हती का?" आणि याचं उत्तर कुणालाच सरळ देता येत नव्हतं. एका ठिकाणी पदविका होती, पण ती पहिलीपासूनच्या वर्गांसाठी. एका ठिकाणी चार वर्षांची डिग्री होती, पण तिची प्रवेशपरीक्षा होऊन गेलेली. एका जुन्या गृहविज्ञानाच्या कॉलेजात विषयाचं नाव होतं 'मानव विकास'. तिथल्या मॅडमनी बराच वेळ घेऊन, चांगलं समजावून सांगितलं, की पहिली दोन वर्षं सगळे विषय, आणि मग शेवटी बालकांचा अभ्यास. आप्पांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मानवाचं झालं, मॅडम. पर पोरीला बाळांचं पाहिजे." मॅडम हसल्या. मीही हसले, पण बाहेर आल्यावर मला रडायला येत होतं. बारावीतल्या माझ्या मैत्रिणींचे प्रवेश होऊन त्यांनी फोटोसुद्धा टाकले होते आणि मला काय व्हायचंय त्याला अजून नाव सापडत नव्हतं.

शेवटी गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक नवंकोरं खाजगी विद्यापीठ सापडलं. तिथे बालशिक्षणाचीच तीन वर्षांची डिग्री होती. आवारातच लहान मुलांची शाळा, आणि पहिल्या महिन्यापासून मुलांमध्ये बसायचं. प्रवेशाचं बघणारी मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आप्पांनी आपला प्रश्न टाकला. ती म्हणाली, "अंकल, बाई नाही, एज्युकेटर." आप्पा म्हणाले, "तेच की. बाईच म्हना." ती म्हणाली, बरं, बाई. एवढ्या हिंडण्यात हो म्हणणारं ते पहिलं माणूस होतं.

तरी माझा जीव वर-खाली होत होता. जुनं कॉलेज पिढ्यान् पिढ्या चाललेलं, इथे सगळ्याच भिंतींना अजून रंगाचा वास. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी आप्पांना म्हटलं, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ. मी चुकले तर ती माझी चूक राहील, तुम्ही चुकलात तर निदान माझी नाही, असा माझा हिशेब होता. आप्पांनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं, आता सांगतील.

"मला मेथी कवा काढायची ते इचार," ते म्हणाले. "ह्यातलं मला काय बी कळत न्हाय, पोरी. मी निस्ता तुझ्यासंगं येतोय." आप्पांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पटकन म्हणाले, इथेच घेऊ. निर्णय असा झाला. त्यांना तसं बसलेलं बघवेना म्हणून.

पहिलं वर्ष मात्र सोन्यासारखं गेलं. आम्ही मोजक्याच मुली होतो. मातीची खेळणी केली, गाणी बसवली, मुलं चिखलात खेळताना त्यांच्याकडे नुसतं बघत कसं राहायचं तेही शिकलो, आणि ते वाटतं तेवढं सोपं नसतं. आप्पांनी तेव्हापासूनच सांगायला सुरुवात केली. लग्नात, दवाखान्यात, मंडईत कुणीही विचारलं की म्हणणार, "धाकली बाई हाय." मी म्हणायचे, अजून व्हायचीय. ते म्हणायचे, पेरलंय म्हंजे उगवलंच.

वर्ष संपताना सूचना लागली की पुरेशी संख्या नसल्यामुळे हा अभ्यासक्रम पुढे चालणार नाही, विद्यार्थिनींनी बी.कॉम. किंवा बी.बी.ए.ला वर्ग व्हावं. आप्पा माझ्याबरोबर थेट संचालकांच्या केबिनमध्ये आले. बांधाच्या भांडणात अख्ख्या भावकीला पुरून उरलेला हा माणूस तिथे हात जोडून उभा होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "सायेब, पोरी हायत, शिकवनाऱ्या मॅडम हायत, खोली हाय. मग बंद काय हाय?"

संचालक वाईट नव्हते. ते म्हणाले, "काका, वरून ठरलंय. माझ्या हातात नाही." कुणाच्या हातात आहे, असं आप्पांनी विचारलं. संचालकांनी छताकडे बघितल्यासारखं केलं आणि आमच्यासाठी पाणी मागवलं. खाली उतरल्यावर आप्पा सूचनाफलकापुढे थांबले आणि ती सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत राहिले. आजूबाजूला मुलं होती, शिपाई होता, विचारायला माणसं पुष्कळ होती. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

जुन्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली असती. आप्पा म्हणत होते, कर. पण नानाकाका रोज ओट्यावर येऊन बसत होते, आईनं माझ्या लग्नाचा विषय काढला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यातच दम उरला नव्हता. मी बी.कॉम. झाले. खराडीला एका बँकेच्या ऑफिसात लागले. काम वाईट नाही, एसी आहे, बस दारात येते.

आप्पा मात्र म्हणतच राहिले, धाकली बाई हाय. विसरभोळेपणा म्हणावा तर तसा नव्हता, माझा पगार कधी होतो ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी तेच सांगितलं आणि पाहुणे मला शाळेचं नाव विचारू लागले. ते गेल्यावर मी चिडून म्हटलं, "आप्पा, मी बाई नाही."

"झाली असतीस की."

"मग तसं सांगा लोकांना."

"येवढं लांबडं कुठं सांगत बसू," म्हणाले आणि कालव्याकडे निघून गेले. त्यानंतर मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

गेल्या थंडीत आप्पा गेले. सकाळी भाजीला पाणी द्यायला गेले आणि तिथेच बांधावर बसल्या जागी संपले. आम्हाला सेवा करायची संधीसुद्धा दिली नाही. घरात त्यांचा आवाज नाही ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

काही आठवड्यांनी एका रविवारी दारात एक बाई आल्या. मंडईत ज्यांच्या गाळ्यावर आप्पांची भाजी जायची, त्या मावशी. बरोबर चारेक वर्षांची नात, त्यांच्या पदरात तोंड खुपसून. आप्पा गेल्याचं ऐकून भेटायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या रडल्या, मीही रडले. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आप्पांनी कवाचं सांगून ठेवलंय, हिला धाकलीकडं घेऊन जा म्हणून. घराबाहेर बोलतच नाही हो पोरगी. शाळेच्या दारात नुसती थरथरते. तीन शाळांनी घरी पाठवली. तुम्ही बाई आहात, तुम्हीच बघा हिच्याकडं."

मी बँकेत आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला एवढं लांबडं सांगता आलं नाही. मी म्हटलं, आत या.

मावशी आत आल्या, पण मुलगी उंबऱ्यापाशीच थांबली. दोन्ही मुठींत फ्रॉक घट्ट धरून, माझ्याकडे न बघता, आवाज न करता ती रडायला लागली. मी खाली बसले. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ते दुसऱ्या वर्षाला होतं.