पानशेतच्या काचेतला अर्धा पंख

खंडेनवमी दोन दिवसांवर आली म्हणून फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, तर रिकामा. त्या डब्यापायी एवढा प्रवास झाला.

खंडेनवमीला आम्ही कोयता, विळा, कुऱ्हाड पुजतो. आमचे मालक त्यांच्या शेजारी आपला पंख ठेवायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते विमानात बिनतारीवर होते. विमान चालवणाऱ्याच्या छातीवर दोन पंख, बाकीच्यांना एकच, अर्धा पंख म्हणतात तो, कापडावर जरीनं भरलेला. "माझं हत्यार हेच," म्हणून त्यालाही हळदकुंकू लावायचे. दरवर्षी अंगठा टेकून टेकून त्यावर लाल डाग बसला. माणूस गेला, डाग राहिला.

"पानशेतच्या सायबांना दिला, आई," दत्ता म्हणाला. माझाच मुलगा. त्या बंगल्याच्या बागेचं काम त्याच्याकडं आहे. "त्यांना लढाईतले बिल्ले गोळा करायचा नाद हाय. काचेत ऱ्हाईल. हितं झुरळं खातील."

"इतकी वर्सं झुरळांनी न्हाई खाल्ला, तू खाल्लास."

पिशवी उचलली आणि निघाले. भोंगवलीहून टेम्पोनं हायवे, तिथून नसरापूर. वेल्ह्याची एसटी धरायची असेल तर सकाळीच निघा. दुपारी स्टँडवर मी आणि कुत्री. शेवटी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेतलं. मार्गासनीला नणंदेकडं मुक्काम. शिवारात भात निसवलेलं, वास लई चांगला, पण माझं डोकं तापलेलं.

"माझा भाऊ कुणाच्या भिंतीला टांगलाय व्हय?" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, मी बी येते."

सकाळी वन्संनी देवीला कुंकू वाहिलं, उरलेली पुडी त्यांच्याच पिशवीत. पाबे घाटातनं जीप केली. घाट देखणा आहे, खोटं कशाला बोलू? पण रागात असताना बघू नये, फुकट जातो. आणि उपाशी बसा. वन्संनी ऐकलं नाही, उलटीसाठी दोनदा जीप थांबवावी लागली. पानशेतला पिठलं-भाकरीला जे मागतात त्यात आमच्याकडं चौघं जेवतील. डबा न्या.

साहेब बोलायला गोड. चहा दिला. अख्खी भिंत काचेची. आत बिल्ले, पट्ट्या, टोप्यांवरची चिन्हं, देशोदेशीचे पंख. आणि एका ओळीत पाच अर्धे पंख. पाचही एकसारखे, कोरे करकरीत.

"आमचा कुठला?" मी विचारलं.

"यातलाच आहे, आजी. फार डागाळला होता. सगळे एकदमच साफ करून घेतले."

"डाग काढलात?"

"नाहीतर कापड कुजलं असतं. तुम्ही लोक प्रेमानंच वस्तू खराब करता हो." वर हसले.

"आन् बाकीचे चार कुणाचे?"

"बाजारातून घेतले. नावं कोण ठेवतं?" त्यांनी काच सरकवली. "एवढं मनावर घेऊ नका. सगळे सारखेच आहेत. कुठलाही घ्या."

कुठलाही घ्या! वांगी आहेत का ती?

वन्सं कानाशी लागल्या, "घ्या की एक, वहिनी. कोण बघतंय?"

"दुसऱ्या बाईचा नवरा आपल्या पाटावर बसवू व्हय?"

मी वन्संच्या पिशवीतली पुडी काढली. रांडावलेल्या बाईनं कुंकवाला हात लावू नये म्हणतात. मी मूठ भरून घेतलं आणि पाचही पंखांवर अंगठा दाबला. चांगला रगडून.

"अहो! अहो, काय करताय!" साहेब ओरडले. गोडवा संपला.

"पूजा केली," म्हटलं. "आता धुवा परत."

येताना घाटात वन्संना उलटीसुद्धा झाली नाही.

घरी दत्तानं विचारलं, "आणला का?" सगळं सांगितलं. बागेचं काम गेलं म्हणून रडकुंडीला आला, बापाच्या पंखासाठी नाही. खंडेनवमीला पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड मांडली आणि पंखाच्या जागी मोबाईल ठेवायला लागला.

"उचल," मी म्हटलं. "तिथं काय ठेवायचं न्हाई. लाव हळदकुंकू."

"कशाला लावू? हितं तर कायच न्हाई."

"तेच बघ. मी मेल्यावर बी दरवर्सी हितंच लावायचं."

खाली वाकून त्यानं मोकळ्या पाटाला अंगठा लावला. लाकडावर लाल डाग पडला. तो मात्र मी कुणाला पुसू देत नाही.